कोनस बघायला अमावस्याच लागते

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात, कापसावर एक शंख ठेवलेला आहे. बोटाएवढा लांब, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाकडं निमुळता होत गेलेला. अंगभर सोनेरी-तपकिरी नक्षी आणि तिच्यात एकमेकांवर चढलेले पांढरे त्रिकोण. इचलकरंजीच्या एखाद्या यंत्रमागवाल्यानं पाहिला तर उभ्या उभ्या डिझाइन उतरवून घेईल. मी नोकरीला लागले तेव्हा तो तिथं होता आणि गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले तेव्हाही तिथंच होता. मधल्या तीसेक वर्षांत आम्ही दोघांनी मिळून या जिल्ह्यातल्या बऱ्याच पोरांना घाबरवलं.

हा शंख कोनसचा. कोनस म्हणजे समुद्रातली एक शिकारी गोगलगाय. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण फळ्यावर लिहूनच माझा तास सुरू व्हायचा. मग म्हणायचे, "बाळांनो, या बाईच्या पोटात काय असायचं ते असू दे, तोंडात मात्र भाला आहे." शंख पहिल्या बाकावर द्यायचे, आणि तो हातोहात मागं जात असताना पुढचं सांगायचे. हिला पळता येत नाही, पोहता येत नाही, तरी ही शिकार करून जगते. वाळूत दबा धरून बसते, सोंड लांब करते. सोंडेच्या टोकाला पोकळ दात आणि दातात विष. दात घुसला की सावज जागच्या जागी गार. काही जातींचा दंश माणसाचाही जीव घेऊ शकतो, त्यावर उतारा नाही, आणि आत्ता तुमच्या हातात जी जात फिरते आहे ती त्यातलीच. एवढं सांगेपर्यंत शंख तिसऱ्या-चौथ्या बाकावर पोचलेला असायचा आणि तिथला पोरगा तव्यावरची भाकरी हातात आल्यासारखा तो पुढं ढकलायचा.

"हा रिकामा आहे, घाबरू नका," मी म्हणायचे. "पण समुद्रावर जिवंत दिसला तर? खिशात टाकायचा? रुमालात गुंडाळायचा? कापडातूनही दात घुसतो. मग काय करायचं?"

"हात मागं!" अख्खा वर्ग ओरडायचा. हे मी त्यांच्याकडून घोटवून घेतलेलं असायचं. शेजारच्या रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा विचारलं होतं, तुमच्याकडं प्राणिशास्त्र शिकवतात की कवायत.

इथवर सगळं ठीक असायचं. इथून पुढं मात्र माझं घोडं पेंड खायचं. कारण दरवर्षी कुणीतरी हात वर करायचं आणि विचारायचं, "मॅडम, तुम्ही बघितलाय काय जिवंत?"

नव्हता बघितला. सांगून टाकायचे, नाही म्हणून. पोरं मान डोलवायची आणि पुढचा धडा सुरू व्हायचा. पण गेल्या वर्षी पेठ वडगावहून एसटीनं येणारी एक मुलगी पहिल्या बाकावर होती. तिनं तो प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, आणि ती बसता बसता शेजारणीला म्हणाली, "आमच्यात म्हैस बघितल्याबिगर दुधावर कोण बोलत न्हाय."

ती हळूच म्हणाली होती. कोल्हापुरी माणूस हळू बोलतो म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरपासून समुद्र किती लांब? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस कोकणात. मग तीस वर्षांत बाईंना एक गोगलगाय दिसू नये? तर त्याचं कारण असं की आमच्या गावाची आणि समुद्राची कॅलेंडरं जुळत नाहीत.

समुद्राचं पाणी रोज चढतं आणि उतरतं, पण रोज सारखं उतरत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ते लांबवर जातं, एरवी जेमतेम. कोनस राहतो ते अगदी खालचे खडक फक्त त्या मोठ्या ओहोटीतच उघडे पडतात, आणि हिवाळ्यात ती ओहोटी उजाडताना येते. मला पोहता येत नाही. म्हणजे मला कोनस बघायचा तर अमावस्या किंवा पौर्णिमा गाठून, मुक्काम करून, सकाळी खडकावर हजर पाहिजे.

आमची सहल दरवर्षी हिवाळ्यात जायची. मी दरवर्षी अमावस्येची तारीख काढून बसवाल्याला फोन करायचे.

"बाई, आवसंला गाडी गेटाभाईर काढत न्हाय मी. आमच्या बापानं काढली न्हाय."

"मग पौर्णिमेला?"

"पुनवेला ड्रायव्हर जोतिबाला असतोय."

"बरं, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी?"

"सकाळी सुटती का संध्याकाळी सुटती ते बघा आधी. निम्मी सुटलेली आवस लई वाईट."

बसवाला एकटाच असता तर मी दुसरा धरला असता. पण पालकही तेच म्हणायचे. आमचे प्राचार्य स्वतः भौतिकशास्त्राचे, चंद्राचं गुरुत्वाकर्षण त्यांनी जन्मभर शिकवलेलं. ते म्हणाले, "मॅडम, विज्ञान आपल्या जागी, पालक आपल्या जागी." मग सहल निघायची अष्टमी-नवमीला, जेव्हा समुद्र धड वर नाही धड खाली नाही असा घुटमळत असतो. पोरं खेकडे बघायची, भिजायची, बुटात वाळू भरून परत यायची. खालचे खडक पाण्याखाली राहायचे आणि त्यांच्यातला कोनसही.

त्यात आम्ही पंचगंगेची माणसं. आमचं पाणी पावसाळ्यात चढतं, राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती झाली ते मोबाइलवर येतं, चार-आठ दिवसांनी उतरतं आणि मग वर्षभर गप्प पडून राहतं. पाणी रोज सकाळी उठून लांब निघून जातं ही गोष्ट आमच्या डोक्यात लवकर शिरत नाही.

तर त्या म्हशीच्या वाक्यानं मी दुखावले. खोटं कशाला बोलू, चांगलीच दुखावले. निवृत्तीला काही महिने राहिलेले. त्यात गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं की उन्हाळ्यात ऑपरेशन करून टाकू आणि मग खडकबिडक विसरा. म्हणजे हा हिवाळा शेवटचा. आता नाही तर माझ्या जन्मात नाही. त्या संध्याकाळी माझ्या हातून पांढऱ्या रश्श्यात दोनदा मीठ पडलं.

आमच्या ह्यांनी पहिली वाटी तोंडाला लावली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "काय झालंय?"

ह्यांचं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. लेथ, ड्रिल आणि पत्रा कापायला एक पॉवर प्रेस. गोगलगायीत त्यांना कधी रस नव्हता. ‘तुझी ती गोगलगाय’ एवढीच त्यांनी इतक्या वर्षांत तिची दखल घेतलेली. त्यांच्या डोक्यात कायम एकच गोष्ट, माणसांचे हात. प्रेसवर काम म्हणजे बोटांचा खेळ. नवा कामगार प्रेससमोर उभा राहिला की हे केबिनमधून ओरडतात, "हात मागं!" वर्गात मी पोरांकडून जे वदवून घ्यायचे ते मी ह्यांच्याकडूनच उचललेलं होतं. घरी मी कुकरचं झाकण काढायला गेले तरी मागून तेच. आणि दर अमावस्येला वर्कशॉप धुऊन, पुसून, प्रेससमोर नारळ फुटतो. त्या खोबऱ्याचा तुकडा खाल्ल्याशिवाय त्या दिवशी कुणी मशीनला हात लावायचा नाही. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत; अमावस्या-पौर्णिमेला लांबच्या प्रवासाला निघायचं नाही ही त्यांचीच दुसरी. "आमच्यात अजून एकाचं बोट गेलेलं न्हाय," हे छाती पुढं काढून सांगतात. मी म्हणते ते गार्ड बसवल्यामुळं, हे म्हणतात दोन्हीमुळं.

मी सगळं सांगितलं. म्हैस, गुडघे, ओहोटी, अमावस्या. हे खारट रस्सा भाकरीबरोबर संपवत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एवढंच व्हय? मग परस्थान ठेवायचं की."

मी घास हातात धरून बसले.

प्रस्थान ठेवणं म्हणजे काय हे आता पुष्कळांना माहीत नसेल. प्रवासाला निघायचा दिवस वाईट असला तर आधी एखादा बरा दिवस बघून आपलं सामान शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान घराबाहेर पडलं म्हणजे प्रवास सुरू झाला. मग आपण कधी का जाईना, आपण आधीच निघालेलो असतो. माझ्या आईच्या तोंडून लहानपणी मी हे ऐकलेलं होतं. आणि तीस वर्षं मी बसवाल्याला चंद्र आणि पृथ्वी समजावून सांगत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. काट्यानं काटा निघत होता, आणि मी तिथं पुस्तक घासत बसले होते.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कवा? आणि अख्ख्या वर्गाच्या पिशव्या ठेवणार कुणाच्यात?"

आम्ही शिवाजी पेठेत राहतो. समोरच्या घरातल्या काकू तिथी-वारातलं सुप्रीम कोर्ट. ह्यांनी जाऊन त्यांना विचारलं. काकूंनी डोळे मिटून हिशेब केला आणि निकाल दिला. "तेरशीला ठेवा. चौदस न्हाय चालत. पण एक ध्यानात घ्या, एकदा पिशवी भाईर पडली की माघारी घरात न्यायाची न्हाय. नेली की परस्थान मोडलं."

त्रयोदशीच्या सकाळी ह्यांनी मोठ्या उत्साहानं बॅग भरली आणि समोर काकूंच्या कॉटखाली सरकवून आले. दुपारी त्यांच्या लक्षात आलं की उत्साहात रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत गेल्या आहेत. दाढीचं सामानही. माझा वाचायचा चष्माही. आणि बॅग तर घरात आणायची नाही. मग दोन दिवस आमच्या ह्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळी बनियनवर समोर जायचं, कॉटखालून बॅग ओढायची, गोळी काढायची, काकूंच्याच माठातल्या पाण्यानं घ्यायची, त्यांच्याच आरशात दाढी करायची आणि चहा पिऊन परत यायचं. मला उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, त्या काकूंच्या बाहेरच्या सोप्यात बसून तपासल्या. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावरच्या तालमीच्या कट्ट्यावरून आवाज आला, "काय सायब, घरातनं काढलं व्हय?"

"प्रवासात हाय," हे गंभीरपणे म्हणाले आणि समोरच्या दारात शिरले.

अमावस्येला हे सकाळीच कागलला जाऊन नारळ फोडून आले. खोबऱ्याचे तुकडे कागदात बांधून शर्टाच्या खिशात, आणि गाडीच्या डिकीत एक लांब सळई, टोकाला आकडा आणि मुठीला रबर. "दगड उलटायला," म्हणाले. "हातानं उलटायचा न्हाय." वर्कशॉपमध्ये माझ्यासाठी करून आणलेली होती. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं जरा नीट बघितलं. इतकी वर्षं ‘तुझी ती गोगलगाय’ म्हणणाऱ्या माणसानं ती काय करते ते बरोबर ऐकून ठेवलेलं होतं.

काकूंनी बॅग दिली, तळहातावर दही घातलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "निघालाय तुम्ही परवाच. आज नुसतं म्होरं जायाचं."

फोंडा घाट उतरून तिन्हीसांजेच्या आत मालवणच्या बाजूला एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी पोचलो. जेवणात सुरमईचं कालवण होतं, उत्तम होतं. ह्यांनी पिशवीतून कांदा-लसूण चटणीचा डबा काढून त्यात दोन चमचे घातले. वाढणाऱ्या बाईंनी पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. नवऱ्याची लाज वाटायचं माझं वय केव्हाच संपलेलं आहे, तरी थोडी वाटली.

सकाळी उजाडायला लागलं तसे खाली गेलो. आणि समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण पार लांब, एखादी पांढरी रेघ असावी तसा. मधे नुसते खडक, काळे, ओले, शेवाळलेले, खळग्याखळग्यात पाणी साठलेलं. एवढ्या वर्षांत मी इथं कितीदा आले होते, पण ही जमीन मी बघितलेलीच नव्हती.

हे तर जागच्या जागी उभे राहिले. "अगं, पाणी गेलं कुठं?"

"ओहोटी आहे."

"एवढी? वर धरणबिरण बांधलं काय कुणी?"

मग खिशातली पुडी काढून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढं धरला. "हे खा आधी."

"मी काय प्रेसवर निघालेय?"

"खा म्हणतोय न्हवं."

खाल्ला. वाद घालण्यात ओहोटी गेली असती. मग मीही माझं व्याख्यान दिलं. तुम्ही कशालाही हात लावायचा नाही, माझ्यापासून दोन पावलं लांब राहायचं, कोनस दिसला की मी सांगेन, फोनवर त्याचा व्हिडिओ काढायचा, हलवायचा नाही. ह्यांनी मान डोलवली. चढावर, उतारावर, शेवाळावर त्यांनी मला दंडाला धरून नेलं आणि खालच्या खडकांशी पोचल्यावर सोडलं.

मग दगड उलटणं सुरू झालं. आकडा घालायचा, दगड उचलायचा, खाली बघायचं, होता तसा परत ठेवायचा, कारण त्याच्याखाली कुणाकुणाची घरं असतात. खेकडे निघाले, एक समुद्री काकडी निघाली, शंखातून डोकावणारे संन्यासी खेकडे तर किती निघाले. पोरं बरोबर असती तर मी आनंदानं वेडी झाले असते. पण मला त्या दिवशी कुणीही नको होतं, फक्त तो हवा होता. सूर्य वर आला. गुडघे ठणकायला लागले. घोट्याशी गार लागलं म्हणून बघितलं तर पाणी परत यायला लागलेलं.

"अजून एक बघ," हे म्हणाले.

"नाही मिळणार."

"अगं, एक बघ की."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" मी ओरडले आणि एका बुटक्या खडकावर बसकण मारली. राग ह्यांचा नव्हता. त्या वडगावच्या पोरीचाही नव्हता. मला नुसतं वाईट वाटत होतं. वाटलं, जाऊ दे, कपाटातला आहे तो काय वाईट आहे. दुधाची तहान ताकावर भागवायची सवय असतेच माणसाला.

माझ्या पायाशी परातीएवढं एक डबकं होतं. तळाला वाळू, वाळूत एक मळकट तपकिरी दगड. मी त्या दगडाकडं बघत होते, कारण मान खालीच होती. आणि तो दगड पुढं सरकला.

कोनस जिवंतपणी तसा नटलेला नसतो हे मी शेकडो वेळा शिकवलेलं. अंगावर मळकी पातळ साल असते, नक्षी तिच्या आत झाकलेली. शिकवलेलं असूनही मी त्याला दगड समजले. निमुळत्या टोकातून एक नळी बाहेर आली होती, काळा पट्टा असलेली, शेंड्याला लालसर, आणि ती या बाजूला, त्या बाजूला वळत होती. या नळीनं तो पाण्यातला वास घेतो. तो वास घेत होता. पांढुरका ठिपकेदार पाय वाळूवर पसरून, अजिबात घाई न करता, तो डबक्याच्या कडेकडं चालला होता. पाण्यातून ऊन त्याच्यावर पडलं तेव्हा सालीतून ते त्रिकोण दिसले. माझे त्रिकोण. कपाटातले.

"दिसला!" मी म्हणाले. "अहो, दिसला! काढा, काढा!"

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. आयुष्यभर मी ज्याचं वर्णन करत आले तो माझ्या वर्णनाबरहुकूम चालत होता. मी एवढं बरोबर शिकवलं होतं याचाच मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि त्या आनंदात माझा हात पुढं गेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कुठला विषारी दात आणि कुठली सोंड, मला काही म्हणजे काही आठवलं नाही. लहान मुलाच्या गालाला हात लावायला जावा तसा तो गेला, पाण्यात शिरला.

"हात मागं!"

वर्कशॉपमध्ये प्रेसच्या दणक्यावर चढवायचा आवाज तो. लांबच्या खडकावरचे बगळे उडाले. माझा हात माझ्या आधी मागं आला.

कोनसला त्याचं काही नव्हतं. त्यानं नळी जरा आत घेतली, परत बाहेर काढली, आणि खडकाच्या कडेखालच्या वाळूत हळूहळू घुसत गेला. थोडा वेळ नळीचं लाल टोक तेवढं वर दिसत होतं. मग तेही नाही. पाणी डबक्याच्या काठावरून आत यायला लागलं होतं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. आवाज एकदम बारीक झालेला. "खोबरं खाल्लंवतीस म्हणून वाचलीस," म्हणाले.

मी प्राणिशास्त्राची प्राध्यापिका. तरीही मी मान डोलवली. त्यांचा दंड धरला आणि आम्ही वर आलो.

"व्हिडिओ आलाय का?" मी वाटेत विचारलं.

"आलाय की. सगळा आलाय."

चष्मा बॅगेत, बॅग डिकीत, आणि उन्हात फोनचा पडदा दिसत नव्हता. शिवाय मला तो पोरांबरोबरच बघायचा होता. मी स्वतः डोळ्यांनी बघितलेलाच होता, आता बघायची पाळी त्यांची होती. घाट चढताना मी मोठमोठ्यानं गाणी म्हटली. ह्यांनी काच वर केली, लोक बघतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, शंख टेबलावर ठेवला, आणि वडगावच्या मुलीला उभं केलं. "विचार," म्हटलं.

"काय मॅडम?"

"तोच प्रश्न विचार."

ती जरा बावचळली. मग कोल्हापूरची पोरगी ती, सावरून म्हणाली, "तुम्ही बघितलाय काय जिवंत?"

"बघितलाय!" असं म्हणून मी प्रोजेक्टर सुरू केला. पोरं पुढं सरसावली. मागची बाकावर चढली. मी दिवे बंद करायला सांगितलं.

पडद्यावर करडे खडक आले, वाऱ्याचा आवाज आला आणि मग एक हात आला. माझा. आकडा धरलेला, शिरा फुगलेला, बांगडीत शेवाळाचा तुकडा अडकलेला. दगड उलटला, हात दिसला. दगड परत ठेवला, हात दिसला. व्हिडिओ हळूहळू पुढं सरकत होता आणि हात जाईल तिकडं फोन जात होता, बाकी सगळं चौकटीच्या बाहेर. मग माझा चिरका आवाज आला, "दिसला! अहो, दिसला! काढा, काढा!" आता तरी फोन खाली वळेल म्हणून मी श्वास रोखून बघत होते. फोन हातावरच. हात गुडघ्यावरून उठला. हात पुढं निघाला. हात पाण्यापाशी आला, बोटं पाण्यात शिरली, आणि पडदा हादरेल असा आवाज आला, "हात मागं!"

"हात मागं!" सवयीनं अख्खा वर्ग ओरडला.

मग जे हसणं सुरू झालं ते शेजारच्या वर्गातले सर बघायला येईपर्यंत थांबलं नाही. मीही खुर्चीत बसून डोळे पुसत होते. ते हसण्यानं आलेलं पाणी होतं की कशानं, अंधारात कुणाला कळायचं कारण नव्हतं.

दिवे लागल्यावर वडगावची मुलगी उभी राहिली. पडद्यावर माझा मागं घेतलेला हात तसाच थांबलेला होता.

"मॅडम, ह्यात गोगलगाय कुठंच न्हाय की. नुसता तुमचा हातच दिसतोय."

"हो गं," मी म्हटलं. "काढणाऱ्याला तेवढाच दिसत होता."